मनोऱ्यावरचा घेवडा

आर्मीदा पाओलिनेल्ली आमच्या मनोऱ्यावरच्या झाडांना पाणी घालायची. नगरपालिकेच्या कागदावर तिचं काम 'जिन्यांची झाडलोट व वृक्षसंगोपन' असं लिहिलेलं होतं. त्यातली झाडलोट ती सकाळी आठच्या आत उरकायची. उरलेला दिवस संगोपनाचा.

मी खाली दाराशी खिडकीत बसून तिकिटं फाडायचो. अकरा वर्षं आम्ही एकाच मनोऱ्यात नोकरी केली, पण ती दोनशे तीस पायऱ्या वर आणि मी तळाला. माझा उजवा गुडघा तरुणपणी सायकलवरून पडून कामातून गेला होता, त्यामुळे वर जायची वेळ मी स्वतःवर येऊच द्यायचो नाही. लोक विचारायचे, "वरून कसं दिसतं हो?" मी सांगायचो, "अप्रतिम." सांगायला काय जातं!

इटलीतल्या आमच्या या लुक्का शहरात पूर्वी मनोरेच मनोरे होते. ज्याच्याकडे पैसा त्याचा मनोरा, आणि तो शेजाऱ्याच्या मनोऱ्यापेक्षा हातभर तरी उंच. पुढे सगळे पडले, पाडले. जे राहिले त्यात डोक्यावर ओकाची झाडं असलेला आमचाच. गच्चीवर विटांचे मोठाले हौद, त्यात माती, मातीत ही झाडं. कोणी लावली, कशाला लावली, याबद्दल प्रत्येक गाईड वेगळं सांगतो आणि प्रत्येकाला बक्षिशी मिळते.

आर्मीदा मूळची जवळच्या सेग्रोमिन्यो गावची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न करून शहरात आली ती मनोऱ्यामागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर. त्या घरात ऊन अकराला यायचं आणि साडेअकराला जायचं. खिडकीतल्या कुंडीत तुळससुद्धा जगायची नाही. नवरा निलो गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ही नोकरी मिळाली तेव्हा बाई पंचेचाळिशीच्या होत्या. अंगाने काडी, जिभेने गांधीलमाशी. पहिल्या दिवशी वर जाऊन आली आणि माझ्या खिडकीत डोकं घालून म्हणाली, "ओरेस्ते, वर दिवसभर ऊन आहे."

"असणारच. वर दुसरं काय असणार?"

"आणि माती आहे," ती म्हणाली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात ती खाली आली ती गालातल्या गालात हसत.

"वर घेवडा उगवलाय."

"कुणी लावला?"

"वाऱ्याने."

आठवड्याने मी विचारलं, "काय म्हणतोय वाऱ्याचा घेवडा?"

"छान आहे. वाऱ्याने काठ्यासुद्धा रोवल्यात."

घेवड्यामागून टोमॅटो आले. आमच्याकडचे, चुण्या पडलेले, टोपलीसारखे दिसणारे. ते म्हणे पक्ष्यांनी आणले. मग भोपळ्याचा वेल आला, तेव्हा मात्र मी म्हटलं, "आर्मीदा, भोपळ्याची बी घेऊन कुठला पक्षी दीडशे फूट उडतो?"

"मोठं कबूतर होतं," ती म्हणाली.

खत सेग्रोमिन्योहून यायचं. तिच्या दिराकडे ससे होते. दर सोमवारी ती बसने जाऊन सशांच्या लेंड्या घेऊन यायची, त्याही देवळात न्यायच्या काळ्या चामडी पर्समधून. पर्स छातीशी धरून ती पायऱ्या चढायला लागली की समोरून उतरणाऱ्या परदेशी बायका बाजूला सरायच्या आणि नाकाला रुमाल लावून आमच्या प्राचीन गटारांबद्दल एकमेकींशी बोलायच्या.

मी गप्प का बसलो? कारण शुक्रवारी दुपारी माझ्या खिडकीत एक डबा यायचा. जाड गहू आणि घेवडा घालून केलेलं दाट सूप, वरून ऑलिव्हच्या तेलाची धार. भोपळ्याच्या दिवसांत फुलांची भजी. असली भजी खाल्लेल्या माणसाने चहाडी केल्याचं एक उदाहरण दाखवा. उलट मी तिला खूण ठरवून दिली होती. कोणी साहेबासारखा माणूस दारात आला की मी किल्लीने पाण्याच्या नळावर दोन टोले मारायचे. नळ सरळ गच्चीपर्यंत गेला होता. टोले ऐकले की ती टोमॅटोंवर गोणपाट टाकून झाडू हातात घ्यायची.

पर्यटकांची काळजी नव्हती. ते वर जाऊन धापा टाकत लाल छत्र्यांसारखी घरांची छपरं बघायचे, डोंगर बघायचे, टोमॅटो बघायचे, आणि सगळ्याचे सारख्याच भक्तीने फोटो काढायचे. एकदा एक चष्मेवाला विद्वान खाली येऊन मला म्हणाला, "वरची भाजी चौदाव्या शतकातली असल्याचं तुमच्या त्या बाईंनी सांगितलं. पण तेव्हा युरोपात टोमॅटो नव्हता!"

मी आवाज खाली आणून म्हटलं, "म्हणूनच तर वर लपवला होता."

त्याने ते वहीत लिहून घेतलं.

संशय एकटीलाच होता, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या इल्वाला. ती आर्मीदाला रस्त्यात अडवून म्हणायची, "काय गं, तीन वर्षं झाली, माझ्याकडून घेवड्याची एक शेंग नेली नाहीस. उपास धरलास की नवस केलास?"

"दात दुखतात, इल्वा."

"टोमॅटोला दात लागतात?"

"तुझ्या टोमॅटोला लागतात," असं म्हणून आर्मीदा पुढे.

असं सुखात चाललं होतं. घात झाला तो झाडांमुळे. सशांच्या लेंड्या, रोजचं पाणी आणि घेवड्याची मुळं या सगळ्याने ती म्हातारी ओकाची झाडं अशी काही तरारली की शहराच्या जुन्या तटावर फिरायला जाणारे लोक थांबून वर बोट दाखवायला लागले. वर्तमानपत्रात फोटो आला. आणि प्रांताच्या वारसा-कचेरीला वाटलं, या झाडांच्या आरोग्याचं रहस्य शोधून काढलं पाहिजे, म्हणजे इतर बागांनाही उपयोग होईल. चांगलं काम केल्याची शिक्षा ती ही.

कचेरी शेजारच्या पिसा शहरात. येणारा माणूसही पिसाचा. पिसाच्या माणसाबद्दल लुक्कात काय म्हणतात ते सभ्य माणसाने लिहू नये. एवढंच सांगतो की घरात मढं असलं तरी चालेल, पण दारात पिसाचा माणूस नको, ही त्यातली सर्वांत सौम्य म्हण. पत्रात तारीख बुधवारची होती. आर्मीदाने पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "मंगळवारी काढून ठेवते सगळं. भोपळा तेवढा राहील, त्याला अजून आठ दिवस हवेत."

"भोपळा लपणार कुठे?"

"बघते."

पण डॉक्टर सोल्दानी मंगळवारीच आले. पन्नाशीचे, गोल, कपाळावर घाम, हातात चामड्याची बॅग. मी नेमका कॉफी घेऊन येत होतो. किल्ली खिडकीच्या आत, मी बाहेर, आणि ते दारात. नळापर्यंत पोचेपर्यंत जिन्यावर चपला वाजल्या. आर्मीदा खाली उतरत होती आणि तिचा एप्रन दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला, टम्म फुगलेला.

"वृक्षसंगोपन आपणच करता का, सिन्योरा?" डॉक्टरांनी विचारलं.

"आपण कोण?"

"सोल्दानी. पिसाहून."

आर्मीदाने माझ्याकडे एक नजर टाकली. ती नजर मला अजून कधीकधी आठवते.

"आणि एप्रनमध्ये काय आहे?"

आता लुक्कात हा प्रश्न कोणी कोणाला विचारू नये. आमची संत झीता, मोलकरीण बिचारी, धन्याच्या घरची भाकरी एप्रनमध्ये घालून गरिबांना वाटायला निघाली होती. धन्याने अडवून हाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, फुलं. एप्रन उघडला आणि खरोखरच फुलं! सातशे वर्षं झाली, झीता अजून काचेच्या पेटीत झोपलीय आणि एप्रिलमध्ये आम्ही तिच्या नावाने फुलांचा बाजार भरवतो.

आर्मीदाने मान ताठ केली. "फुलं," ती म्हणाली.

"बघू."

तिने एप्रन उघडला. मी डोळे मिटले आणि झीताचा धावा केला. डोळे उघडले तर वर खरंच फुलं होती, पिवळीधमक, सकाळी खुडलेली. भोपळ्याची. डॉक्टर वाकले. एक फूल त्यांनी दोन बोटांत उचललं. त्याखालून एक टोमॅटो टुण्णकन उडी मारून पायऱ्यांवरून घरंगळत माझ्या पायाशी आला.

"सिन्योरा," डॉक्टर फार सावकाश म्हणाले, "मी वनस्पतिशास्त्र शिकलोय. ओकाच्या झाडाला भोपळ्याची फुलं येत नाहीत."

"लुक्कात येतात. पिसाचं मला ठाऊक नाही."

वर जावंच लागलं. मीही गेलो. तिला एकटीला त्या माणसाबरोबर सोडणं बरं नव्हे म्हणून, आणि खरं सांगायचं तर नोकरी माझीही होती. दर वीस पायऱ्यांना डॉक्टर थांबायचे, दर दहा पायऱ्यांना मी. आर्मीदा पुढे बोलत चालली होती. मध्येच मागे वळून म्हणाली, "दमलात का, दोत्तोरे? तुमचा मनोरा वाकडा आहे ना, त्यामुळे तुम्हाला सरळ चढायची सवय नसेल."

गच्चीवर पोचलो आणि मी तोंडात बोट घातलं. चार वर्षं मी भजी खाल्ली होती, पण ती येतात कुठून ते पाहिलं नव्हतं. घेवड्याचे वेल ओकाच्या खोडांवरून फांद्यांत गेले होते आणि गर्द पानांतून लाल ठिपक्यांच्या शेंगा झुंबरांसारख्या लोंबत होत्या. टोमॅटोंच्या दोन ओळी, कडेला अजमोदा. आणि भोपळा कठड्यावरून बाहेर गेला होता. निलोच्या जुन्या मोज्यांची झोळी करून तिने तो हवेत टांगला होता, खाली थेट पिएत्रोच्या केशकर्तनालयाचं दार. तो सुटला असता तर पिएत्रोच्या गिऱ्हाइकांना केस कापायची गरज उरली नसती.

डॉक्टरांनी ओकाची पानं उलटीसुलटी करून पाहिली, काचेच्या नळीत माती भरली, वास घेतला.

"ससा?" त्यांनी विचारलं.

"ससा," आर्मीदा म्हणाली. पहिल्यांदाच ती खरं बोलली.

मग त्यांनी बॅगेतून कागद काढला. मनोरा राष्ट्राची ठेव आहे, त्यावर ओकाव्यतिरिक्त काहीही उगवू देता येणार नाही, सात दिवसांत सगळं उपटावं, पाणी सोमवारी आणि गुरुवारी नियमाप्रमाणे घालावं, आणि कुठलंही खत वर नेऊ नये.

"आणि भोपळा?" तिने विचारलं.

"भोपळा आत्ता."

तिने तो सोडवून घेतला. पोरगं कडेवर घ्यावं तसा कडेवर घेतला आणि दोनशे तीस पायऱ्या उतरली. वाटेत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, रडतेय. तळाशी पोचल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सोमवार आणि गुरुवार म्हणाला ना? तू साक्षीदार आहेस."

सात दिवसांत तिने सगळं उपटलं, पण एका वेळी एकच रोप. प्रत्येक रोप काळ्या फडक्यात गुंडाळून, गर्दीच्या वेळी, पुढच्या दाराने. गल्लीतले लोक टोप्या काढून उभे राहायला लागले. पिएत्रो तर कात्री हातात धरून छातीवर क्रूसाची खूण करायचा. इल्वासुद्धा बाहेर आली आणि म्हणाली, "आर्मीदा, हे माहीत असतं तर मी तुला काही बोलले नसते." आणि मग लगेच, "आता घेवडा लागला तर माझ्याकडे ताजा आहे."

त्यापुढे आर्मीदाने नियम पाळला. सोमवारी पाणी, गुरुवारी पाणी. पुढच्या उन्हाळ्यात कौलांवर अंडं तळावं असं ऊन पडलं, तरी मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मी म्हणायचो, "आर्मीदा, झाडं सुकतायत." ती म्हणायची, "आज शनिवार." ऑगस्टात ओक पिवळट दिसायला लागले. तटावर फिरणारे पुन्हा बोट दाखवायला लागले, पण आता चुकचुकत. वर्तमानपत्रात पुन्हा फोटो.

पुढे कधीतरी तिने मला कबूल केलं, की रोज सकाळी ती झाडांच्या बुंध्याशी बोट खुपसून ओल बघायची. "पिवळी पडू दिली," ती म्हणाली, "मरू दिली नसती. तेवढी मी पिसाची नाही."

डॉक्टर सोल्दानी आले, मान हलवत वर गेले, मान हलवत खाली आले. वसंतात कचेरीचा आदेश आला, दोन पानी. शेंगवर्गीय वनस्पतींमुळे मातीला पोषण मिळत असल्याचं अभ्यासाअंती सिद्ध झालं आहे, सबब अनुभवी कर्मचाऱ्याकडून घेवड्याची लागवड करवून घ्यावी, टोमॅटो सावलीसाठी चालतील, पाणी गरजेनुसार. आणि शेवटी कुणा कारकुनाने आपली अक्कल लावली होती. मनोऱ्यावरचं उत्पन्न ही राष्ट्राची ठेव असल्यामुळे ते कोणीही खाजगी उपयोगासाठी नेऊ नये.

"म्हणजे लावायचं, पण खायचं नाही?" तिने विचारलं.

"असं दिसतंय."

"मग राष्ट्राला देऊ या."

त्या वर्षी पीक आलं ते सूड घेतल्यासारखं. जुलैपासून दर सोमवारी आर्मीदा पोस्टात जायची. खोक्यात घेवडा, खोक्यात टोमॅटो, वर माझ्या हस्ताक्षरात चिठ्ठी: 'राष्ट्राची ठेव सोबत पाठवत आहे. पोच द्यावी.' लुक्का ते पिसा आगगाडीने अर्धा तास, पण आपल्या पोस्टाला चार-पाच दिवस हा किरकोळ वेळ, आणि दिवस उन्हाळ्याचे. तिसऱ्या आठवड्याला टोमॅटो असे पोचले म्हणतात की कचेरीतली एक जुनी फाईल कायमची लाल झाली. चौथ्या आठवड्यात भोपळा गेला. भोपळ्याला खोकं मिळालं नाही, म्हणून तिने पत्ता माझ्याकडून भोपळ्यावरच लिहवून घेतला आणि देठाला तिकिटं चिकटवली. पोस्टातला माणूस म्हणाला, "हे बसत नाही नियमात." ती म्हणाली, "नियमात भोपळ्याचं नाव काढून दाखव." त्याने सगळं पुस्तक चाळलं. नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी उत्तर आलं, तातडीचं. उत्पन्न यापुढे पाठवू नये. त्याची विल्हेवाट संबंधित कर्मचाऱ्याने स्थानिक पातळीवर, आपल्या सोयीने लावावी. खाली सही सोल्दानींची आणि सहीखाली हाताने लिहिलेलं: कृपा करा.

तिने मला ते तीनदा वाचायला लावलं. 'कृपा करा' चारदा.

त्या रविवारी दुपारी गल्लीत टेबलं मांडली. इल्वाने कांदे दिले आणि दिले ते चारचौघांत मोठ्याने सांगून. मोठ्या पातेल्यात सूप शिजलं, पिएत्रोची बायको भजी तळत होती. आर्मीदाने पिसाला एक आमंत्रण धाडलं होतं, कोणी येईल असं मला वाटलं नव्हतं. साडेबाराला डॉक्टर सोल्दानी आले, काखेत वाईनची बाटली आणि चेहऱ्यावर डॉक्टरकडे दात काढायला आलेल्याचा भाव.

आर्मीदा पळी घेऊन उठली.

"बसा, दोत्तोरे. बाटली कुठली?"

"आमच्याकडची. पिसाच्या डोंगरातली."

"मग ती सूप झाल्यावर उघडू," ती म्हणाली, "आधीच चव कशाला बिघडवा?"

ते तीन वाट्या सूप प्यायले. चौथी मागताना त्यांनी आवाज खाली आणला आणि कबूल केलं, की कचेरीत आलेल्या पहिल्या खोक्यातला घेवडा त्यांनी घरी नेला होता. आर्मीदाने पळी बुडापर्यंत घातली आणि त्यांची वाटी काठोकाठ भरली.

त्यानंतर सगळं कायदेशीर झालं, आणि इथेच गंमत गेली. दुसऱ्या वर्षी डबा आला तेव्हा मी म्हटलं, "छान झालंय." ती म्हणाली, "खोटं बोलू नकोस. परवानगीचा घेवडा आहे, चव लागेल कशी?" टोमॅटो तिने हळूहळू सोडून दिले. घेवडा लावायची, पण झाडलोट करावी तसा. तरी काळी पर्स घेऊन सोमवारी जायची ती जायचीच, आणि परदेशी बायका बाजूला सरायच्या.

नोकरी संपल्यावर ती सेग्रोमिन्योला पुतणीकडे राहायला गेली. एका सप्टेंबरात मी बसने भेटायला गेलो. पुतणीचं घर मोठं, मागे अर्धा एकर जमीन, दिवसभर ऊन, अंजिराचं झाड फळांनी वाकलेलं. पुतणीने मला बाजूला घेऊन रडगाणं गायलं, "काका, तुम्ही तरी समजवा हिला. आमच्या झाडाची अंजिरं कुजून पडतायत, ही हात लावत नाही. शेजारच्या कुंपणातून हात घालून त्यांची तोडते. या वयात! ते लोक परवा घरी आले होते."

मी समजवायला मागच्या अंगणात गेलो. आर्मीदा कुंपणाशी उभी होती, हातात काठी, काठीला वाकडा खिळा.

"बरा आलास," ती मागे न बघता म्हणाली. "टोपली धर. आणि तो कुत्रा दिसला तर सांग."

कुत्रा मला दिसला, पण अंमळ उशिरा. माझा गुडघा तीस वर्षांत धावला नव्हता. त्या दिवशी धावला.